ग्राहकाच्या शब्दांत

फोन आला तेव्हा ती गॅलरीत बर्थचे पडदे वाळत घालत होती. ट्रक वर्कशॉपमध्ये गेला की पडदे काढून धुवायचे, हा तिचा शिरस्ता. पाच महिन्यांत ते चौथ्यांदा धुतले जात होते आणि त्यांचा निळा रंग विटून दुपारच्या आभाळासारखा झाला होता. आत लेकीचं बाळ नुकतं झोपलं होतं, म्हणून ती दबक्या आवाजात बोलली. पलीकडे वर्कशॉपचा सुपरवायझर होता.

"सापडला का आवाज?" तोंडातला चिमटा काढत तिने विचारलं.

त्याच्या मागे कुठेतरी कॉम्प्रेसर धडधडत होता, तो बंद झाल्याचं तिला ऐकू आलं.

"वहिनी, तुम्ही जरा इकडे या," तो म्हणाला. "आणि... एकट्या नका येऊ."

नवरा वर्कशॉपच्या बाकावर गाडीची वाट बघत बसला होता. बसल्या बसल्याच गेला. हातातला चहाचा कप सांडलासुद्धा नव्हता, असं पुढे प्रत्येक जण तिला सांगायचा, जणू त्यात काही समाधान असावं.

त्या दोघांचं जगणंच रस्त्यावरचं. तो बावीस वर्षं लोकांच्या गाड्या हाकत होता. लेक शिकायला बाहेरगावी गेली तेव्हा घरात एकटी बसून भिंतींशी काय बोलू, असं म्हणत तीही त्याच्या शेजारी येऊन बसली. वर्षभरात स्टिअरिंग हातात घेतलं, दोन वर्षांत लायसन्स. लोक आधी हसले, मग त्यांना सवय झाली. एकाने चालवायचं, दुसऱ्याने मागच्या बर्थवर झोपायचं. संसाराची निम्मी वर्षं ती दोघं एकमेकांची झोप राखत आली.

त्यात एक नियम होता. एकदा दाट धुक्यात ती चालवत असताना तो मागे जागा झाला आणि तिच्या कानाशी एकदम म्हणाला, "अगं, डावी बाजू बघ." ती अशी दचकली की दोन चाकं रस्ता सोडून खाली उतरली. तेव्हापासून ठरलं, की उठल्यावर आधी बर्थच्या फळीवर बोटाच्या पेराने ठोकायचं आणि मगच तोंड उघडायचं. त्याचे दोन ठोके, तिचे तीन. "तुला सगळ्यातच एक जास्त लागतं," तो चिडवायचा. ठोक्यांचा अर्थ एवढाच, की मी जागा झालो, बरी जागा बघून थांब, आता तू झोप.

मग स्वतःची गाडी आली. अगदी नवी, दोन वर्षांच्या वॉरंटीची. पहिलं सव्वा वर्ष एका स्क्रूचीही तक्रार नव्हती. मग लेकीचं बाळंतपण आलं, ही घरी राहिली, आणि एकट्याने चालवताना त्याला तो आवाज ऐकू येऊ लागला.

"कसला आवाज?" तिने फोनवर विचारलं होतं.

"टकटक. मागून."

"उंदीर असेल."

"उंदीर वॉरंटीत बसत नाही," तो म्हणाला आणि विषय तिथेच संपला.

वर्कशॉपने पहिल्यांदा केबिनखालचे रबर बदलले. दुसऱ्यांदा बर्थच्या बिजागऱ्या. तिसऱ्यांदा हत्यारांच्या पेटीचं कुलूप आणि दाराची पट्टी. दर वेळी गाडी गप्प होऊन बाहेर पडायची आणि आठवड्याभरात पुन्हा बोलू लागायची. चौथ्यांदा तो त्या बाकावर जाऊन बसला.

दीड महिन्याने ती गाडी घेऊन निघाली तेव्हा लेक दारात आडवी उभी राहिली.

"आई, विकून टाक ना."

"आणि करू काय? मला दुसरं काय येतं?"

"मग निदान तो आवाज तरी शोधून काढ. काही सुटलं असेल आणि चालत्या गाडीत तुझ्या डोक्यावर पडलं म्हणजे? बाबा गेले ते पुरे नाही झालं का?"

ती हो म्हणाली. खरं तर तिला अजून आवाज ऐकूच आला नव्हता.

तो आला तिसऱ्या दिवशी. भर दुपार, सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना उजाड माळ. ऊन इतकं सपाट की कशाची सावली पडत नव्हती. इंजिन एका लयीत घुमत होतं. आणि तिच्या मागे, वीतभर अंतरावर, फळीवर दोन ठोके पडले. जोरात नाहीत. झोपेतून उठलेला माणूस देतो तसे, थोडे आळसावलेले.

"हो, थांबते," ती म्हणाली आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढला.

बोलून गेल्यावर मग अंगावर काटा आला.

तिने गाडी कडेला घेतली. हात चाकावर तसेच ठेवून बराच वेळ आरशात बघत राहिली. मग मागे वळून पडदा सारला. उशी होती. त्याने शेवटची घातलेली चादरीची घडी होती, चारही कोपरे जुळवलेली, ती तिने हलवली नव्हती. बाकी कुणी नव्हतं. फक्त वास होता, गुडघ्यांना चोळायच्या त्याच्या मलमाचा. आणि तो जुना वाटत नव्हता. आत्ताच कुणी डबी उघडून झाकण लावायचं विसरलं असावं, असा.

भीती वाटली का? वाटली. पण स्टेशनवर गर्दीत आपल्या माणसाची पाठ दिसावी आणि हाक मारायचा धीर होऊ नये, तशी.

यानंतर दोन ठोके दर दोन-चार दिवसांनी येत राहिले. ती दर वेळी थांबायची. पण बर्थवर मात्र जायची नाही. पुढेच, शेजारच्या सीटवर पाय दुमडून कलंडायची. उठल्यावर मान अवघडलेली असायची. आणि ड्रायव्हरची सीट एक खाच मागे सरकलेली असायची. तो तिच्यापेक्षा चांगला हातभर उंच होता. ती काही न बोलता सीट पुढे ओढून घ्यायची.

लेकीला दिलेला शब्द होता, म्हणून ती दोनदा वर्कशॉपमध्ये जाऊन आली. तिथे त्यांना काही ऐकू आलं नाही. तिसऱ्यांदा सुपरवायझरने स्वतःच बोलावून घेतलं.

"वहिनी, अकरा दिवसांनी वॉरंटी संपतेय. मी कंपनीच्या मागे लागून मंजुरी आणलीय. अख्खा बर्थच बदलून टाकू. फळी, चौकट, मागचा पत्रा, सगळं नवीन. जुनं परत कंपनीत जाईल. मग आवाज राहणार तरी कुठे?"

तिला हायसं वाटायला हवं होतं. "जुनं परत जाईल?" एवढंच तिने विचारलं.

"वॉरंटीचा माल परत द्यावाच लागतो. पण त्याआधी एकदा गाडी फिरवू. तक्रार करणाऱ्याने सोबत येऊन ऐकल्याशिवाय आमचं तक्रारीचं कार्ड पुढे सरकत नाही."

ती चालवायला बसली, सुपरवायझर तिच्या शेजारी. बर्थवर चढला म्हातारा फिटर, ज्याला सगळे डॉक्टर म्हणत, कारण तो लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून दुखणं ओळखायचा. चढताना तिने त्याला सांगितलं, "ती घडी तेवढी मोडू नका."

"नाही मोडत, ताई. पायाशी ठेवतो."

दुपार कलली होती. वर्कशॉपमागून खाणींकडे जाणारा रस्ता तसा ओसाडच, त्यात आभाळ भरून आलेलं. खडीची भुकटी हवेत तरंगत होती आणि दिवे लावूनही चार हातांपलीकडचं सगळं करडंच दिसत होतं. कुणी बोलत नव्हतं. खड्ड्यातून जाताना केबिन कुरकुरायची आणि डॉक्टर मागून सांगायचा, "हे रबर आहे." "ही पट्टी." "हे काही नाही, माझी हाडं."

सुपरवायझर हसला. ती पण हसली.

मग दोन ठोके पडले.

"डॉक्टर, मस्करी नको," सुपरवायझर म्हणाला.

इंजिनाची घरघर, काचेवर चिकटणारी भुकटी, आणि हळूहळू केबिनभर पसरत गेलेला मलमाचा वास.

"डॉक्टर?"

"मी नाही ठोकलं," म्हातारा अगदी हळू म्हणाला. "माझे दोन्ही हात... इथे छातीवर आहेत. माझ्या उशाशी झालं ते."

तिने गाडी थांबवली. डॉक्टर पडदा सारून खाली उतरला. त्याचे ओठ पांढरे पडले होते, पण उतरताना त्याने चादरीची घडी पुन्हा उशीजवळ नीट ठेवली. सगळे खाली येऊन गाडीच्या नाकाशी उभे राहिले.

"कुठला भाग आहे?" सुपरवायझरने विचारलं.

"भाग नाही, साहेब." म्हातारा तिच्याकडे बघत होता. "मी फळीला कान लावून होतो. थंड असायला हवी ती. माणूस उठून गेल्यावर गादी असते ना, तशी ऊब होती. आणि ताई, भिववणारा आवाज नाही हो तो. कुणी आपल्याला म्हणावं ना... दमलीस, सरक आता... तसा."

परत आल्यावर म्हातारा घरी निघून गेला. सुपरवायझरने आपल्या ऑफिसात तिच्यापुढे पाणी ठेवलं आणि कपाटातून एक कार्ड काढलं, कडा मळलेलं.

"हे त्यांचं कार्ड. तक्रार तीच असली की नवीन कार्ड करत नाही, याच्यावरच पुढे चढवतो. हे अजून उघडं आहे, त्यांची सही राहिली. आता तुम्ही खाली सही केलीत की हे बंद होईल आणि उद्या सकाळी बर्थ खोलायला घेऊ."

तिने पेन उचललं. सही करण्याआधी वाचावं, ही त्यानेच लावलेली सवय. वर छापलं होतं: तक्रार, ग्राहकाच्या शब्दांत. खाली सुपरवायझरचं तिरकं अक्षर.

'मागच्या बर्थवरून ठोकल्याचा आवाज. तीन ठोके, सारख्या अंतराने. मी चालवत असताना, बर्थ रिकामा असताना. आवाज ओळखीचा आहे.'

तिने ते पुन्हा वाचलं.

"तीन?"

"तीनच. मीही दोनदा विचारून घेतलं होतं. म्हणाले, 'दोन माझे असतात.' मला काही कळलं नाही." तो जरा ओशाळला. "शेवटचं वाक्य मी लिहीत नव्हतो, वहिनी. आवाज ओळखीचा आहे, असं कार्डावर कशाला? तर म्हणाले, 'ग्राहकाचे शब्द आहेत ना, मग लिहा.'"

"ते घाबरले होते?"

"आवाजाला नाही." सुपरवायझर म्हणाला. "आले की आधी बाहेर जाऊन तुम्हाला फोन लावायचे. तुम्ही बोललात की मग निवांत बाकावर बसायचे. मी एकदा विचारलं, एवढी काय काळजी? तर म्हणाले, 'ती घरी आहे ना, एवढं कळलं की बास.'"

तिला ते फोन आठवले. रस्त्यातूनही यायचे, भलत्याच वेळी. बाळाला आंघोळ घालताना, डोळा लागता लागता. "बरी आहेस ना?" "मला काय धाड भरलीय?" "नाही, सहज." आणि मग तो नुसताच धरून ठेवायचा फोन, तिकडे ट्रकचं इंजिन चालू असायचं. ती वैतागून म्हणायची, "ठेव आता, रस्ता बघ."

त्या पाच महिन्यांत ती एकदाही गाडीत चढली नव्हती. त्या फळीवर तिने ठोकलं नव्हतं. निदान तोवर तरी नाही.

"म्हणजे हे ठोके मी अजून द्यायचेत," ती स्वतःशीच म्हणाली.

"काय म्हणालात?"

"काही नाही." तिने पेनला टोपण लावलं. "साहेब, बर्थ राहू दे."

"वहिनी, अकरा दिवसांनंतर मला काही करता येणार नाही."

"माहीत आहे."

"मग कार्डावर काय लिहू?"

तिने कार्ड त्याच्याकडे सरकवलं. "उघडंच राहू दे. त्यांनी सांगितलंय तेवढं पुरे."

वॉरंटी संपून आता दुसरं वर्ष सुरू आहे. लेकीला तिने सांगितलं, की आवाज कुठून येतो ते सापडलं आणि डोक्यावर पडण्यासारखं त्यात काही नाही. लेकीने विश्वास ठेवला. गाडी चांगली चालते. दुपारी सरळ रस्त्यावर दोन ठोके पडतात, ती "हो, थांबते" म्हणते आणि बरी जागा बघून थांबते. उठल्यावर सीट एक खाच मागे असते. हल्ली कधी कधी दोन खाचा, जणू कुणी लांबच्या पल्ल्याला नीट बसून घेतलं आहे. स्टिअरिंगला हात लावला तर ते कोमट लागतं.

दमायला होतं तिला. पाठ धरते. मागे आडवं व्हावं असं फार वाटतं. पण तिथे झोपलं की उठल्यावर तीन ठोके द्यावे लागतील, आणि ते त्याने आधीच ऐकलेत.

बर्थवरची चादर तिने अजून उलगडलेली नाही.