दोन घोट पाणी

मानमोडीच्या तापाची साथ आली त्या सालातली गोष्ट. तापीकाठच्या त्या गावातून रोज एखादी तिरडी उठायची, आणि कौसाबाईच्या मांडीवर तिची दोन वर्षांची लेक चिंधी तापानं फणफणत होती. नवरा हिलाल सकाळीच गाडीभर लाल मिरची घेऊन नंदुरबारला गेलेला; येताना हकिमाचं औषध आणणार होता. घरात तिसरं माणूस नव्हतं. सासू दगूबाई आठ दिवसांपूर्वीच गेली.

कौसा मोठी घाबरट हो! भांडं पडलं तरी हिचा जीव उडायचा. म्हणून म्हातारी मरता मरता बजावून गेली होती, "भ्याव वाटो का हरिक वाटो, आधी दोन घोट पानी पे. मंग दार उघाडानं."

दिवेलागणीला दारावर थाप पडली. "कौसा... दार उघाड. मी उनू."

हिलालचाच आवाज. ती धडपडत उठली, कडीला हात घातला... आणि थांबली. तांब्या उचलून दोन घोट पाणी प्यायली. धडधड जरा कमी झाली, तसं डोकं चालायला लागलं. "बैलेसना घुंगरू तं वाजनात नहीत..." ती पुटपुटली.

बाहेर एकदम शांत झालं. दाराला कान लावून कोणीतरी ऐकत होतं. मग पावलं लांब गेली.

थोड्या वेळानं घुंगरं वाजली, पार दारापर्यंत. "कौसा..." बाईला रडूच फुटलं. आला गं बाई माझा धनी! तांब्या शेजारीच होता, पण एवढ्या हरिकात, आनंदात कोण थांबतं? तिनं कडी काढली आणि पोर त्याच्या हातात दिली. तो तिला घेऊन कोपऱ्यात, अंधाराकडे तोंड करून बसला.

कौसानं सात मिरच्या पोरीवरून उतरवून चुलीत टाकल्या. ठसका आला तर काही नाही. नाही आला तर बाहेरची बाधा, हे खानदेशात पोरंही सांगतील. मिरच्या जळून काळ्या झाल्या. ठसका आला नाही.

तेवढ्यात रस्त्यावर गाडीची चाकं करकरली. घुंगरं वाजली. दिवसभर मिरचीत राबलेला माणूस शिंकला, एकदा, दोनदा.

"कौसा, दार उघाड! औशीद लयनू!"

तिचा हात तांब्याकडे गेला. तांब्या जागेवर नव्हता. पोरीचं कण्हणंही बंद झालं होतं. कोपऱ्यातल्या अंधारात कोणीतरी पाणी पीत होतं... एक घोट. दोन घोट.