जांभळ्या पानांचा चोर

“सोड तिले, पियुष. बकरी काही कबूल होत नाही!”

“होईन ना, ताई! अजून जराक धमकावतो.”

पियुष बकरीच्या डोळ्यांत डोळे घालून बसला होता. बकरीही त्याच्याकडे तशीच रोखून पाहत होती. खरं सांगायचं तर दोघांपैकी पियुषच जास्त अपराधी दिसत होता.

दिवाळीच्या सुट्टीत राजेगावला काकांकडे आलेल्या पियुषने हा तपास हातात घेतला होता. त्याच्या चुलतबहिणीच्या, म्हणजे समीक्षाच्या शेतातून दाणे गायब होत होते! तिच्या बाबांनी जांभळ्या पानांचं धान लावलं होतं. लोंब्या जागच्या जागी, पण कितीतरी लोंब्यांवर एक दाणा नाही. बाकीचं धान तर अजून पिकायचंच होतं.

बाबांनी, म्हणजे प्रेमलाल यांनी, तपासाच्या आधीच निकाल देऊन टाकला. चोर कोण? बांधापलीकडचा नथ्थू! नथ्थूकाकांनीही हात आखडता न घेता भरपूर शिव्या परत केल्या. त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. मोठ्यांचं बंद, म्हणून मुलांचंही बंद.

मोठ्यांचं यात काहीच बिघडलं नाही. समीक्षाची मात्र अख्खी सुट्टी बुडाली. नथ्थूकाकांची दीपिका तिची मैत्रीण. जूनपासून दीपिका शाळेसाठी हिंदी मुलखातल्या लामत्याला मावशीकडे राहत होती. तिला सांगायच्या गोष्टी समीक्षाने कधीपासून साठवून ठेवल्या होत्या. भूगोलाच्या सरांनी मिशी काढली, तर चपराशाने त्यांना शाळेत येऊच दिलं नाही, ही त्यातली सगळ्यात लहान गोष्ट! आता दीपिका आली होती, बांधापलीकडेच होती, आणि हुकमाप्रमाणे तोंड फिरवून उभी होती.

समीक्षाला वाटलं, यापेक्षा लामता बरं होतं. तिथून ती दिसत तरी नव्हती.

“चोर सापडल्याशिवाय काही खरं नाही,” असं म्हणत ती चिखलात उकिडवी बसली आणि एकदम ओरडली, “अबे पियुष! दाणे तर इथंच पडले आहेत!”

“म्हणजे चोरानं चोरी केली अन् माल इथंच ठेवून गेला? लयच इमानदार चोर आहे बाप्पा!”

समीक्षाने एका भरल्या लोंबीला बोट लावलं. टपटप! दाणे गळून पडले. शेजारच्या लोंबीला लावलं. तिचा एक दाणा हलला नाही. पानं दोन्हींची जांभळीच.

“पियुष, घरातले मोजे घेऊन ये.”

“काहून? तुले थंडी वाजून राह्यली?”

“मले नाही. धानाले.”

थोड्या वेळाने शेतात असं दृश्य होतं, की बकरीनेही चरणं थांबवलं. हलक्या हाताने एकेका लोंबीवर मोजा चढवायचा आणि तोंड दोऱ्याने घट्ट बांधायचं. फक्त लग्नकार्यात पायात जाणारे बाबांचे काळे मोजे सगळ्यात पुढे डोलत होते.

“आता चोर मोज्यात कसा शिरन?” समीक्षा म्हणाली. “पण मोजे कमी पडले ना!”

तेवढ्यात बांधावरून काहीतरी उडत आलं आणि थेट पियुषच्या डोक्यावर बसलं. पांढरे, शाळेचे मोजे! पलीकडे दीपिका गंभीर चेहऱ्याने आभाळ पाहत होती. बोलायची बंदी होती. मोजे फेकायची नव्हती.

समीक्षाने ते मोजे बांधताना जरा जास्तच वेळ लावला.

सकाळी आरडाओरडा झाला. “माहे मोजे!” बाबा शेतात उभे राहून गरजत होते. निंदणाच्या बायांची पुढारी जिजाबाई आली, पलीकडून नथ्थूकाका आले, त्यांच्यामागे दीपिका.

“बाबा, गाठ पाहा. कोणं सोडली काय?”

“नाही.”

समीक्षाने मोजा सोडून झटकला. मूठभर दाणे बाहेर पडले! लोंबी रिकामी. बाबांनी मोज्याच्या आत डोकावून पाहिलं. मोज्यात नथ्थूकाका नव्हते.

मग समीक्षाने एक दाणा नखाने सोलला. तांदूळ लाल निघाला. शेजारच्या लोंबीचा सोलला, तो पांढरा.

“मायबाई! हा तर करगा!” जिजाबाईंनी तोंडावर हात ठेवला. करगा म्हणजे जंगली धान. दाणा पिकला, की आपणच गळून मोकळा.

“करगा हिरवा असते!” बाबा म्हणाले. “तो दिसावा म्हणूनच तर मी दरसाल जांभळं धान पेरतो. हिरवं दिसलं, की उपट!”

“तेच तर झालं ना, बाबा! आपल्या धानाचे पराग उडून एखाद्या करग्याले लागले, त्याचं पिल्लू जांभळं निघालं. आपण हिरवे उपटले, जांभळे आपलेच समजून सोडले. त्यांचे दाणे गळले, पुढच्या साली तेच उगवले. निंदून निंदून आपणच हा करगा वाढवला!”

“म्हणजे करग्यानं वेश बदलला!” पियुष आनंदाने किंचाळला.

“त्यानं काहीच नाही केलं बे! जे वेगळे दिसले ते उपटले गेले, सारखे दिसले ते वाचले. बस!”

“अन् एकाच जातीच्या दोन भागांचा आपसातला मेळ पुरा बंद झाला ना,” बांधापलीकडून आवाज आला, “तर हजारो पिढ्यांनी दोन वेगळ्याच जाती बनतात. आमच्या मॅडमनं सांगितलं.”

सगळे वळले. दीपिकाने जीभ चावली, पण बोलून तर झालं होतं.

बाबांनी घसा साफ केला. “नथ्थू, तुले चोर म्हटलं. चुकलंच माह्यं.”

“मीही तुले लय काही म्हटलं. अर्धं तर आता आठवतही नाही.”

“मले आठवते ना!” बाबा म्हणाले, आणि दोघेही हसत सुटले.

“याच शेतातलं बियाणं ठेवणार होतो मी,” बाबांनी समीक्षा आणि पियुषच्या पाठीवर हात ठेवला. “पोट्ट्यांनो, पुढचं सालही वाचवलं तुम्ही! अन् पोरी, तूही,” ते दीपिकाला म्हणाले.

पण सुट्टी वाचली नव्हती. दीपिकाची बस दुपारीच होती.

दोघी फाट्यावर बसल्या. इतकं साठलं होतं, की आधी काय सांगावं तेच सुचेना.

“घर पे सब... घरचे बरे आहेत ना?” दीपिकाने विचारलं.

“तू हिंदी काहून बोलून राह्यली?”

“तिकडे ‘काहून’ म्हटलं, की पोरी हसतात. समीक्षा, मी पुरी बदलून जाईन काय वं?”

समीक्षाला खोटं बोलता आलं नाही. “बदलशील. मीही बदलीन. म्हणून तर येत जा. मधात लय दिवस जाऊ देऊ नको.”

“हौ,” दीपिका म्हणाली. मग पुन्हा, जरा जोरात, “हौ!”

बस आली, आणि दीपिकाला घेऊन गेली. धूळ खाली बसली तरी समीक्षा हात हलवतच राहिली. इतका वेळ, की समोरून येणारी दुसरी बस करकचून तिच्यापुढे थांबली.

“चल, बैठ जल्दी!” कंडक्टर ओरडला.

“लामत्याले जाते काय?”

“नाही. गोंदियाले.”

“मंग नको,” समीक्षा म्हणाली, आणि तिने हात खाली घेतला.