चटणीच्या नावाची फाइल

अॅडव्होकेट चिराग मगदूम यांनी आदिती चौगुलेला पहिला कायदेशीर सल्ला दिला तो शिंकत शिंकत. उद्यमनगरातल्या संघटनेच्या हॉलमध्ये दर शनिवारी छोट्या व्यावसायिकांना फुकट मार्गदर्शन असे. आदितीनं टेबलावर चटणीचं पाकीट ठेवलं, त्याची कड थोडी उसवली होती, आणि वकीलसाहेबांच्या सलग पाच शिंका झाल्या.

"पुरावा… कडक आहे," रुमालाआडून ते म्हणाले.

गिऱ्हाईक घासाघीस करणार की नाही, हे ते पायरी चढायच्या आधी ओळखणारी बाई आदिती. तिनं त्याच क्षणी मनात नोंद केली: माणूस बरा आहे, पण खिशाची शिवण उसवलीय आणि घरात ती बघणारं कोणी दिसत नाही.

काम मात्र गंभीर होतं. 'आक्काची चटणी' हे नाव तिच्या आत्याचं. आत्या गेल्यावर सहा वर्षं मिरची-मसाल्याचं कांडप चालवून आदितीनं ते गडहिंग्लजपासून मलकापूरपर्यंत पोचवलं होतं. आता पुण्याचं एक मोठं दुकान माल घ्यायला तयार झालं, फक्त नाव तुमचंच आहे याचा कागद दाखवा म्हणालं. तिनं कपाटातून नावनोंदणीच्या अर्जाचा कागद काढला आणि मटकन खाली बसली. अर्ज भरायचं काम तिनं आत्याच्या वेळेपासून लेबलं छापणाऱ्या जोतीरामवर सोपवलं होतं, आणि अर्जदार म्हणून नाव होतं त्याचंच.

महिन्याच्या आत कागद दाखवला नाही तर दुकान दुसऱ्याची चटणी घेणार होतं. शिवाय नाव गेलं तर राहायचं काय? नुसती मिरची.

"त्याला नोटीस पाठवा," ती म्हणाली. "उद्याच्या उद्या."

चिरागनं पेन खाली ठेवलं. "नोटीस गेली की आपल्या हाताला काय लागलंय ते त्याला कळेल. आत्ता त्याला माहीतच नसेल. आधी जुनी बिलं, लेबलं, पाकिटं आणा, तारखांसकट. नाव आधीपासून कोण वापरतंय, त्याला कायद्यात मान आहे. मग आपण त्याच्याकडं जाऊ… चहा प्यायला."

'आपण' हा शब्द त्यानं सहज वापरला. आदितीनं तो सहज घेतला नाही.

पुढच्या शनिवारी ती बिलं घेऊन आली, त्याच्या पुढच्याला लेबलं. दोन्ही एकाच दिवशी आणता आली असती, हे दोघांनाही कळत होतं. तो प्रत्येक लेबल उजेडाकडं धरून बघायचा, आणि लेबल खाली आलं तरी नजर थोडा वेळ तिथंच राहायची – म्हणजे तिच्या चेहऱ्यावर.

चौथ्या शनिवारी दोघं तिच्या स्कूटीवरून जोतीरामच्या प्रेसला निघाले. वकीलसाहेब मागं बसले, एका हातात फाइल, दुसऱ्या हातानं कॅरिअर घट्ट धरून. खड्डा आला तरी हात कॅरिअरवरच. आदितीनं पुढचे दोन खड्डे चुकवले नाहीत. माणूस पारखायची एकेकाची रीत असते.

जोतीरामनं सगळं ऐकून घेतलं आणि तो उलट तिच्यावरच डाफरला.

"तुझं आधार कार्ड माझ्याकडं नव्हतं, माझं खिशात हुतं. तेवढ्यासाठी हेलपाटा कशाला घालायचा? घरचंच काम हाय की. मला काय तुझी चटणी पळवायची हाय व्हय?"

आदितीच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. नोटीस गेली असती तर हा माणूस जन्माचा तुटला असता. चिरागनं हस्तांतराचा दस्त पुढं केला, कायद्यानं मोबदला काहीतरी लिहावा लागतो म्हणाला. जोतीरामनं दोन किलो चटणी सांगितली आणि तीही दस्तात उतरली. शेजारचे गणपतराव टेलर साक्षीला आले. सोमवारी दस्ताची प्रत पुण्याला गेली, बुधवारी मालाची मागणी आली.

शनिवारी ती पेढे घेऊन हॉलवर गेली. चिरागनं पेढा घेतला, पण खाल्ला नाही. एक कागद पुढं सरकवला.

"रजिस्ट्रीतलं काम वर्षभर चालेल. तुमची फाइल मी प्रियदर्शनी मॅडमकडं देतोय. त्या या कामात माझ्यापेक्षा चांगल्या आहेत. तुमची संमती लागेल."

आदितीच्या हातातला बॉक्स तसाच राहिला. "काय चुकलं आमचं?"

"तुमचं नाही." त्यानं खिसा चाचपला, पेन समोरच होतं. "वकिलानं पक्षकाराच्या घरी… मागणी घालायला जाऊ नये. कुठं लिहिलेलं नाही. पण मला पटत नाही."

आदितीनं बॉक्स टेबलावर ठेवला.

"आणि मी नाही म्हटलं तर? फाइलही गेली, वकीलही गेला."

"फाइल चांगल्या हातात राहील," तो म्हणाला. "म्हणून ती आधी दिली. तुमचं नुकसान व्हायला नको."

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी आधी तिचं नुकसान टाळून मग स्वतःचं मागणं मांडत होतं. आदितीनं पेन उचललं आणि सही ठोकली.

"अहो, वाचलं नाहीत तुम्ही."

"पाच शनिवार वाचतेच आहे की." तिनं कागद परत केला, पेढ्याचा बॉक्स त्याच्याकडं ढकलला. "उद्या अकराला या. वडील त्या वेळी घरात असतात… आणि तो पेढा खावा आता."