अर्धी मात्रा

प्रयोगशाळेच्या पडद्यावरचे दोन आलेख तंतोतंत सारखे होते आणि डॉ. शलाका घोलप यांना त्याचाच संताप आला होता. प्रणाली आणि ऋतुजा भोईटे या सख्ख्या बहिणी. दोघींच्या हृदयात एकच आनुवंशिक, बिघडलेलं प्रथिन साचत होतं. चाचणीत प्रणालीला रोज खरी मात्रा होती, ऋतुजाला औषध नसलेली कोरी. तरी तीन महिन्यांत दोघींनाही काडीचा गुण नव्हता.

एका घरात एकीला औषध आणि दुसरीला पाणी, ही संचालक डॉ. उपासनींची युक्ती. घर एक, जेवण एक, म्हणजे तुलना स्वच्छ! ज्या घरात दोन आजारी बहिणी एका ताटात जेवतात, तिथे काय होणार हे कोणाही शहाण्या माणसाला कळलं असतं. खरी मात्रा कडू होती, कोरी बेचव. बहिणींनी दुसऱ्याच दिवशी चव ओळखली आणि दोन्ही बाटल्या एका तांब्यात ओतून अर्ध्या-अर्ध्या घ्यायला सुरुवात केली.

"निम्म्या मात्रेनं निम्मा तरी गुण यायला हवा होता," उपासनी म्हणाले.

"नाही सर. हे स्वयंजुळणी रेणू आहेत. रक्तात सुटे फिरतात, बिघडलेलं प्रथिन भेटलं की त्याच्याभोवती आपणहून जुळून त्याला पकडतात. पण ठरावीक दाटी झाल्याशिवाय एकही जुळत नाही. निम्म्या मात्रेचा गुण शून्य."

शलाकानं दोघींसाठीही खरी मात्रा मागितली. साठा कपाटात पडून होता. उपासनींनी नियमावर बोट ठेवलं आणि वर या अडाणी लोकांना समज द्या म्हणून बजावलं. प्रणाली शाळेत गणित शिकवत होती. अडाणी कोण, हे शलाकाच्या अगदी ओठांवर आलं होतं.

शेवटी ती भोईट्यांच्या घरी गेली. वाटून घेऊ नका, अर्ध्यानं कोणालाच काही होत नाही, पूर्ण घेतली तरच उपयोग, असं तिनं नीट समजावलं. प्रणालीनं दोनदा विचारून खात्री करून घेतली.

तीन महिन्यांनी नवे आलेख आले. ऋतुजाचं हृदय जवळजवळ मोकळं झालं होतं. प्रणालीचं इतकं निकामी झालं होतं की आता औषधानंही ते सावरणार नव्हतं.

उपासनींनी लगेच निष्कर्ष लिहून टाकला. औषधवाली खालावली, पाणीवाली सुधारली, म्हणून रेणू निरुपयोगी आणि घातक. संशोधन बंद.

शलाकानं त्यांच्यासमोर ऋतुजाच्या रक्ताचा थेंब यंत्राखाली धरला. त्यात जुळलेले रेणू खच्चून भरले होते. प्रणालीच्या रक्तात एकही नव्हता.

ती तडक प्रणालीकडे गेली. प्रणाली उशांना टेकून मुलांच्या वह्या तपासत होती, दम लागत होता.

"का केलंस असं?"

"तुम्हीच सांगितलंत मॅडम, अर्ध्यानं दोघी जाणार आणि पुऱ्यानं एक वाचणार. पुरी मात्रा एकच होती. मग ऋतुजाला मी सांगितलं, कडू बाटली मुळात तुझीच, दवाखान्याकडनं चुकून अदलाबदल झालीय म्हणून."

"साठा होता गं आमच्याकडे. दोघींना पुरेल एवढा होता."

प्रणालीनं पेन खाली ठेवलं.

"मग दिला का नाहीत?"