हिरव्या दारावरची काळी फीत

फिदेन्सियो उस्कांगा माझा जुना मित्र. वेराक्रूझ बंदरात त्याचा फोटो स्टुडिओ होता. त्याची एकुलती एक मुलगी ऑरेलिया, तिचा मी धर्मपिता. तेव्हा हे कुणाच्या तरी मामेभावाकडून ऐकलेलं नाही. तारीखही पक्की सांगतो. १६ मार्च २०१९, शनिवार.

"काका, मागच्या वेळचं तुमचं भूत शेवटी गाढव निघालं होतं."

ते गाढवच होतं, नायेली. हे ऐक.

पुढच्या शनिवारी ऑरेलियाला पंधरा वर्षं पूर्ण झाल्याची मेजवानी होती. त्याआधी फोटो हवेत, आणि फोटो रंगीबेरंगी घरांच्या त्लाकोताल्पान गावातच हवेत. तिची आई आमंत्रणांच्या मागे अडकलेली, म्हणून बापलेकच सकाळी गाडीने निघाले. दिवस छान गेला. नदीकाठी तळलेला मासा खाल्ला. जांभळा घेरदार झगा सावरत पोर खांबाखांबाशी उभी राहिली. कधी निळ्या भिंतीशी, कधी पिवळ्या. बाप म्हणे, "हनुवटी वर. लग्नाला आलीस की दातांच्या डॉक्टरकडे?" आणि ती हसली की हा बटण दाबायचा.

चारच्या सुमारास त्यांना ते घर दिसलं. गुलाबी भिंत, हिरवं दार. दारावर खिळ्याला काळी फीत.

फीत कशाची, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. फिदेन्सियोलाही लागत नव्हतं.

"बाबा, इथे कुणीतरी गेलंय. नको ना."

"दोनच मिनिटं. फोटोत काळं आलं तर तुझी आई माझ्याच नावाची फीत लावेल."

त्याने ती काढून खिशात टाकली. ऑरेलिया उंबऱ्यावर उभी राहिली. दार अर्धवट उघडं होतं. मग चौकातल्या देवळावर सोनेरी ऊन आलं, आणि ऊन जाईल म्हणून हा कॅमेरा घेऊन तिकडे धावला.

अल्वारादोपर्यंत परत आल्यावर पेट्रोलसाठी थांबले. खिशात हात घातला, तर पाकिटाआधी फीत हाताला लागली. फिदेन्सियोला मनापासून लाज वाटली. त्याने गाडी वळवली.

सात वाजून वीस मिनिटं. अंधार पडलेला. आता ते हिरवं दार सताड उघडं होतं. आत बायका जपमाळ म्हणत होत्या. मरणानंतरची नववी, शेवटच्या प्रार्थनेची रात्र होती. जमिनीवर चुन्याचा क्रूस, भोवती मेणबत्त्या. घरची म्हातारी, एवारिस्ताबाई, दाराशी आली. त्याने फीत पुढे केली.

"माफ करा, बाई. दुपारी फोटोसाठी काढली होती. विसरलो."

तिने फीत घेतली नाही.

"नात होती माझी. रोसेंदा. पंधराची. नदीने नेली. घोट्यावरच्या जुन्या टाक्यांवरून ओळखली." मागे घराकडे बघून म्हणाली, "आठ दिवस घरात तिची चाहूल होती. आज चारपासून नाही."

त्याने फीत आणखी पुढे केली.

"फीत बघून गेलेल्यांना आपलं घर कळतं, लेकरा... तुझ्या गाडीत कोण आहे?"

"माझी मुलगी."

"एकटीच?"

तो गाडीकडे पळाला. ऑरेलिया दिवसभर पुढे बसली होती. आता मागे होती. दाराला चिकटून. शेजारी जागा सोडून.

"ऑरेलिया..."

ती नुसती पाहत राहिली.

त्याने तिला हाताला धरून आत नेलं. हात गार होता. म्हातारीने तिला क्रूसाशी बसवलं.

"क्रूस उचलला की माझी जाईल. तुझी राहील. तोवर हिला हाक मारू नकोस."

"आणि चुकलं तर?"

म्हातारी चुना गोळा करायला वाकली.

एकेक मेणबत्ती विझत गेली. शेवटचीही. मिट्ट काळोख. कुणी श्वास घेईना. फिदेन्सियोच्या अंगावरून काहीतरी दाराकडे गेलं. थंड. हलकं. झग्याची सळसळ झाली... की नाही झाली...

मग काळोखात त्याच्या हातात एक हात आला.

"बाबा, घरी चला."

त्याने दिवा लागायची वाट पाहिली नाही.

पुढचा आठवडा सगळं ठीक. पोर जेवत होती, झोपत होती. आईशी जरा कमी बोलायची, एवढंच. शनिवारी तेवीस तारखेला मेजवानी झाली. दोनशे माणसं. रिवाजाप्रमाणे बापाने तिच्यासमोर गुडघा टेकला. पायातले सपाट बूट काढून उंच टाचांचे चढवायचे, की मुलगी मोठी झाली. ते नवे बूट उशीवर घेऊन मीच बाजूला उभा होतो.

त्याने डावा बूट काढला. आणि थांबला.

लोकांना वाटलं, बाप गहिवरला. टाळ्या पडल्या.

मी वाकून पाहिलं. ऑरेलियाला मी पाळण्यात असल्यापासून ओळखतो. तिला कधी लागलं नाही, कधी दवाखान्यात न्यावं लागलं नाही.

फिदेन्सियोने मान वर केली. ती खाली पाहत होती. शांतपणे. वाट पाहत.

त्याने माझ्या उशीवरून बूट उचलला. पायात चढवला. पट्टा ओढून लावला. वाद्यं सुरू झाली, तसा उठून तिच्याबरोबर नाचला.

घोट्यावर सात टाके होते. जुने. पांढरे पडलेले.