चौथी हाक

आधीच सांगते. हे खरं आहे आणि माझ्यासोबत घडलंय. पटलं तर घ्या, नाही पटलं तर पुढं जा. पण खाली कुणी "ताई, स्टोरी भारी रचलीय" असं लिहिलं, तर सरळ ब्लॉक करीन. वाद घालायची ताकद आता माझ्यात उरलेली नाही.

तारीख पंधरा एप्रिल २०२५. मंगळवार. वेळ दुपारी बाराची.

हो, दुपारी. अमावास्या नाही, रात्र नाही, वड-पिंपळ नाही. ऊन नुसतं मी म्हणत होतं.

जागा पारनेर तालुक्यातली एक वाडी. नाव सांगणार नाही. मागच्या वेळी सांगितलं होतं, त्याचं काय झालं ते पुढं येईलच.

मी भारती. नगरला सावेडीत एका मेडिकलमध्ये काम करते. आमच्या घरात भूत-बित मानत नाहीत. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हाच अंगारे-धुपारे घराबाहेर गेले. पप्पा दर रविवारी विहारात मुलांना शिकवतात. त्यांना मी हे अजून पूर्ण सांगितलेलं नाही. कुठल्या तोंडानं सांगू?

तर "मुरूम" हा आमच्या नगरचा रॉक बँड. चार पोरं, आणि गायला अंगद. त्याचा आवाज खरखरीत होता, पण ऐकला की अंगावर काटा यायचा. त्यांचं एकच गाणं गाजलं, पण असं गाजलं की कॉलेजच्या भिंतींवर लोकांनी ओळी लिहिल्या.

*निघताना दार लोटून घे,*
*आत मी आहे, आत मी आहे.*
*तीन वेळा हाक मार,*
*चौथी माझी आहे.*

एवढंच. बाकी सगळी गिटार.

शोमध्ये या गाण्याच्या आधी लाईट बंद व्हायचे. पब्लिकनं तीन वेळा हाक मारायची. अंगद! अंगद! अंगद! मग सगळं शांत. आणि चौथी हाक तो मारायचा, पब्लिकमधल्या कुणाचं तरी नाव घेऊन. पोरं-पोरी आपापल्या नावाच्या पाट्या घेऊन यायच्या. ज्याचं नाव घेतलं त्यानं जीव खाऊन "ओ" द्यायची, की धाडकन ड्रम सुरू.

मी सात शो केले. सातही वेळा पाटी घेऊन. माझं नाव त्यानं एकदाही घेतलं नाही. हसायचं तर हसा, मी घरी येऊन रडायचे.

दोन वर्षांपूर्वी अंगद गेला. वाडीवरच्या घरात, मागच्या खोलीत. वय एकतीस. डॉक्टर म्हणाले हार्ट अटॅक. त्याची बायको माधुरी तेव्हा राजूरला माहेरी होती.

मग आम्ही फॅन लोक अर्थ लावायला बसलो. दोन हजार जणांचा ग्रुप होता. कुणी म्हणालं हे गाणं दुष्काळावर आहे. कोपरगावचा तुषार म्हणायचा, बंद पडलेल्या कारखान्याचं गेट म्हणजे ते दार. त्यावरून लोकांनी एकमेकांच्या आया-बहिणी काढल्या. सुतावरून स्वर्ग गाठणारी मंडळी आम्ही.

त्यात सगळ्यात उंच स्वर्ग माझा.

मी व्हिडिओ केला. म्हटलं, अंगदला आपलं मरण आधीच दिसलं होतं. "निघताना दार लोटून घे" हे तो बायकोला म्हणतोय. ती बाहेरून कडी लावून माहेरी गेली. तो आतून हाका मारत मेला. तीन हाका मारल्या, चौथीला जीव गेला.

कडी होती असं मला कुणी सांगितलं? कुणीच नाही. गाण्यात दार होतं, कडी मी घातली.

व्हिडिओ तीन लाख लोकांनी पाहिला. त्यात मी वाडीचं नाव घेतलं होतं, माधुरीचंही. लोक तिच्या दारात जाऊन शिव्या देऊन आले. रात्रंदिवस फोन. भिंतीवर डांबरानं "खुनी" लिहिलं. ती बायकांचे ब्लाऊज शिवून पोट भरायची. बायकांनी न शिवलेली कापडं परत नेली. मला हे सगळं कळत होतं, आणि खोटं का बोलू, मला बरं वाटत होतं. माझ्या देवमाणसाला मारणाऱ्या बाईला शिक्षा होत होती.

मग एप्रिलमध्ये तिचाच फोन आला. आवाज चढलेला नव्हता.

म्हणाली, "ताई, एकदा येऊन दार बघून जा. मग काय बोलायचं ते बोला."

मला वाटलं, घ्या, दुसरा भाग आपल्या पायानं चालत आला. जयंतीच्या मिरवणुकीत ओरडून घसा बसला होता, तरी दुसऱ्याच दिवशी सुट्टी टाकली. माझा मित्र परवेझ लग्नाचं शूटिंग करतो. त्याची गाडी आणि कॅमेरा घेतला. सुप्यावरून आत वळलो.

घर दोन खोल्यांचं. वर पत्रा. ओट्यावर शिलाई मशीन, त्यावर धुळीनं भरलेलं फडकं. डांबराची अक्षरं तिनं चुन्यानं झाकायचा प्रयत्न केला होता, पण ती वाचता येत होती.

माधुरीनं आधी पाणी दिलं. माझ्याच वयाची असेल, अठ्ठावीस-तीस. मी विचारायच्या आधीच मागच्या खोलीकडं निघाली. म्हणाली बाराच्या आत बघून घ्या.

खोलीचं दार लोखंडी पत्र्याचं. बाहेरून जाड कडी, कडीला तार गुंडाळलेली. तिनं तार सोडली आणि दार उघडलं. आत एक खाट होती, खिडकी नव्हती.

मग दाराची आतली बाजू दाखवली.

खाली, जमिनीवर बसल्यावर हात पोचेल एवढ्या उंचीवर, हिरवा रंग खरवडून अक्षरं कोरलेली होती. केसातल्या पिनेनं.

*आत मी आहे. आत मी आहे.*

तीच ओळ पन्नासेक वेळा असेल. मधेमधे गाण्याच्या बाकीच्या ओळी. खाली तारखा. पहिली तारीख गाणं यायच्या दीड वर्ष आधीची.

"गाणं माझं हाय," माधुरी म्हणाली. "त्यानं दारावर वाचलं आन नेलं."

मग तिनं सांगितलं ते मी माझ्या शब्दात सांगते. अंगद कार्यक्रमाला निघाला की तिला या खोलीत घालायचा आणि बाहेरून कडी लावायचा. कधी एक दिवस, कधी दोन. परत आला की दाराबाहेर उभा राहून तीन वेळा हाक मारायचा. माधुरी. माधुरी. माधुरी. तिसऱ्या हाकेला "ओ" आली तरच दार उघडायचं. झोप लागली असली, ग्लानी आली असली, तर दार दुसऱ्या दिवशी. ती आत बसून ठरवायची, की एक दिवस चौथी हाक मी मारीन आणि तो आत असेल. शेवटी एकदा संधी साधून ती राजूरला पळाली. पुढच्या महिन्यात तो याच खोलीत मेला. सासर-माहेर दोन्हीकडं जागा उरली नाही, म्हणून ती इथं परत आली.

मला राग आला.

शरम नाही, राग. मी सात वेळा पाटी धरून उभी राहिले होते त्या माणसाबद्दल ही असं बोलते? मी तिला तोंडावर म्हटलं, हे तू मागाहून कोरलंस.

तिनं मला बाजूला केलं. दार लावलं, कडी घातली, तार गुंडाळली. परवेझला वेळ विचारली. बाराला पाच कमी होते.

"आता तो हाका मारंल. तीन," ती म्हणाली. "रोज मारतो. काय बी झालं तरी ओ देऊ नका. मी दोन वरीस दिली न्हाई."

मी परवेझकडं बघून हसले. त्याला कॅमेरा चालू करायला सांगितलं.

आम्ही उभे राहिलो. पत्रा उन्हानं तडतडत होता. शेजारच्या मळ्यात मोटर चालू होती. कुठंतरी होला पक्षी घुमत होता.

मग होला थांबला.

मोटर थांबली.

पत्र्याची तडतडसुद्धा थांबली. माझ्या कानाला दडे बसल्यासारखं झालं.

आणि बंद दाराच्या आतून…

"माधुरी."

तोच आवाज. झोपेतही ओळखेन असा.

"माधुरी."

ती भिंतीला टेकून उभी होती. दोन्ही हातांनी तोंड दाबलेलं.

"माधुरी."

मग काही नाही. परवेझ कलमा पुटपुटत होता, पण कॅमेरा त्यानं सोडला नव्हता.

इथं माझी अक्कल बघा. मला वाटलं, आत स्पीकर लपवलाय. जुनं रेकॉर्डिंग लावून ही बाई आपल्याला बनवतेय. आणि रेकॉर्डिंग उलट उत्तर देऊ शकत नाही. म्हणून म्हटलं, हिला कॅमेऱ्यासमोर उघडी पाडते. शोमध्ये मारायचो तशीच, बसलेल्या घशानं मी हाक मारली.

अंगद! अंगद! अंगद!

माधुरी धावत आली. माझं तोंड दाबायला तिनं हात पुढं केला.

तोवर दाराच्या अगदी मागून, कुणीतरी पत्र्याला ओठ लावून बोलावं तसं…

"भारती."

मी माझं नाव त्या घरात सांगितलं होतं का, ते सोडा. खरी गोष्ट वेगळीच आहे. सात शो. सात पाट्या. ते नाव त्याच्या तोंडून ऐकायला मी किती वर्षं तडफडले होते. डोक्यानं विचार करायच्या आधी तोंडानं काम केलं.

"ओ," मी म्हणाले.

दारावरची तार सुटली. कुणी हात लावला नव्हता. एकेक वेढा निघाला आणि तार खाली पडली. कडी आपोआप सरकली. दार वीतभर उघडलं.

आत कुणी नव्हतं. नुसती खाट.

मोटर चालू झाली. होला पुन्हा घुमायला लागला.

माधुरी माझ्याकडं बघत होती. माझ्यापासून दोन पावलं मागं सरकली.

"ओ दिली तुमी," ती एवढंच म्हणाली.

परतीच्या वाटेवर परवेझनं गाडी थांबवून रेकॉर्डिंग लावलं. त्यात अंगदचा आवाज नाही. माझ्या तीन हाका आहेत, थोडी शांतता आहे, आणि माझी "ओ" आहे. परवेझ आता माझा फोन उचलत नाही.

तिसऱ्या दिवशी मेडिकलच्या मागच्या खोलीत औषधांचा बॉक्स आणायला गेले. दुपारची वेळ. मागं दार लागल्याचा आवाज झाला. मग बाहेरून…

कडी.

मग माझं नाव. तीन वेळा. मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं, माधुरीसारखं. हाका थांबल्यावर दार बडवत राहिले, पण दुकानातल्या कुणाला ऐकू गेलं नाही. फोन काउंटरवर राहिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्यावर मला बाहेर काढलं. रात्रभर पप्पा पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवत होते. दुकानदार शपथेवर सांगतो, त्या दाराला बाहेरून कडीच नाही. मी पाहिलं. खरंच नाही.

मी जुना व्हिडिओ काढून टाकला. दुसरा टाकला. गाणं माधुरीचं आहे, मी खोटं बोलले, तिची माफी मागते, असं सगळं सांगितलं.

फॅन लोकांनी त्याचाही अर्थ लावला. म्हणे, भारती बोलताना तीन वेळा थांबते, म्हणजे तिला कुणीतरी धमकावलंय. मग दुसरा अर्थ आला. चौथी हाक म्हणजे चौथी बाई, आणि ती भारतीच. हिनंच त्याचं घर मोडलं. माझा पत्ता ग्रुपवर फिरला. परवा आमच्या भिंतीवर डांबर आलं. तोच शब्द. पप्पांनी घासून काढायचा प्रयत्न केला, पण निघत नाही. कुणाला काय बोलणार? वाट मीच दाखवली होती.

गेल्या आठवड्यात माधुरीचा फोन आला. म्हणाली, बाया पुन्हा कापडं टाकायला लागल्यात. मागच्या खोलीचं दार तिनं काढून भंगारात घातलं. आता खोलीत मशीन ठेवलंय.

मग म्हणाली,

"इकडं सगळं गप हाय, ताई. त्या दिसापासनं." आणि हळूच विचारलं, "तुमच्याकडं आला का?"

मी म्हटलं, रोज बाराला. तिला समजलं. म्हणाली, ओ तेवढी देऊ नका. दिली तर पुढं काय होतं ते तिलाही माहीत नाही. तिनं कधी दिली नव्हती.

पप्पांनी घरातल्या सगळ्या कड्या काढल्यात. कारण विचारलं नाही. तरी रोज बाराला कुठलंतरी दार लागतं.

हे लिहायला सुरुवात केली तेव्हा अकरा वाजले होते. अंगणात बसून लिहितेय, कारण अंगणाला दार नाही. आत्ता बाराला दोन कमी आहेत, आणि समोरच्या झाडावरचा होला गप्प झालाय.

त्या गाण्याचा अर्थ खाली लिहू नका. आणि त्याचं नाव तीनदा घेऊ नका, गंमत म्हणूनही नको.

सात शो मी पाटी धरून उभी राहिले. एकदाही नाव घेतलं नाही त्यानं. आता रोज घेतो. आणि रोज तिसऱ्या हाकेला माझे ओठ आपोआप उघडतात.