नवे जोडे चावतातच

पांढुर्ण्याच्या बसस्टँडमागे शालिकराम मिस्त्रीचे टिनाचे छप्पर होते. गावात त्यालाच वर्कशॉप म्हणत. जड गाडीचा ब्रेक ओरडायला लागला की ड्रायव्हर सरळ त्याच्याकडे येत. नुसता आवाज ऐकून तो सांगायचा, “मागचं डावं चाक हाये हे.” शंभरात नव्वद वेळा ते तेच निघायचे. उरलेल्या दहा वेळांबद्दल तो बोलत नसे.

चौऱ्याऐंशी सालच्या मे महिन्यात बसमालक भगवंतराव आपली सौसरची गाडी घेऊन आले, तेव्हा तर शालिकरामला कान लावायचीही गरज पडली नाही. गाडी रस्त्याच्या वळणावर होती तेव्हाच तिची किंकाळी आली. छपरावरची कबुतरे उडाली. समोरच्या हॉटेलातल्या माणसाच्या हातून कपबशी सुटली.

“दोन महिने झाले मिस्त्री,” भगवंतराव म्हणाले. “लोक मले इचारतेत, भाऊ, गाडीत बकरं कापून राहिले का?”

शालिकराम हसला. गाडीचा ड्रायव्हर देवीदास हसला नाही. चाळिशीचा, सरळ मनाचा, मोजके बोलणारा माणूस. ब्रेक ओरडला की तो डोळे मिटायचा, हे शालिकरामने पाहिले होते. स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाने डोळे मिटावेत, हे त्याला काही बरे वाटले नव्हते.

दिवसभर तो चाकांशी भिडला. ब्रेक दाबला की चाक आवळून धरणारे जुने लायनर घासून काचेसारखे चकचकीत झाले होते. ते काढून त्याने ब्रेकच्या शूंवर नवे ठोकले, त्यांच्या कडा कानशीने तिरप्या उतरवल्या, चाकातल्या ड्रममधली काळी भुकटी पुसून काढली. ड्रम घंटेसारखा घुमू नये म्हणून बाहेरून स्प्रिंगचा वेढा आवळला. यापेक्षा जास्त कोणी करू शकत नाही, असे त्याचे स्वतःबद्दल मत होते. संध्याकाळी गाडी फिरवून पाहिली. आवाज बराच उतरला होता, पण शेवटी बारीकसे कण्हणे राहिलेच.

देवीदासने पुन्हा डोळे मिटले.

“अरे, होईन गप,” शालिकराम म्हणाला. गाडीला बाई म्हणायची त्याची सवयच होती. “नवे शू बसवले ना? शू म्हनजे जोडे. नवे जोडे चावतेतच बाईले. दोन दिवसांत रुळतीन.”

“चावून राहिले म्हनून ओरडते का ते?” देवीदासने अगदी मनापासून विचारले.

“हाव. मंग काय.”

“मंग तेल लावावं लागन.”

तोही गंमत करतोय असे वाटून शालिकराम हसत म्हणाला, “लाव, लाव!” आणि हात धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी आपले काम कसे बसले ते ऐकायला तो साडेअकराच्या गाडीत देवीदासच्या मागच्याच बाकावर बसला. सौसरच्या बाजाराचा दिवस होता. टोपल्या, पिशव्या, कडेवरची पोरे, मिळून पन्नासेक माणसे. ऊन असे होते की संत्र्यांच्या बागांमध्ये एक पान हलत नव्हते. वाटेत दोनदा गाडी थांबली आणि दोन्ही वेळा चूं नाही की चां नाही. शालिकरामची छाती फुगली. शेजारच्या माणसाला सांगावे, हे काम माझे, असे त्याला फार वाटले.

मग त्याला वास आला. जड, गोडसर, तापलेल्या एरंडेलाचा. आजारी माणसाच्या खोलीत येतो तसा. त्याने खाली वाकून पाहिले, कोणाच्या पिशवीतली बाटली फुटली म्हणून. फळी कोरडी होती. वास चाकाकडून येत होता.

“देवीदास,” तो पुढे झुकून हळूच म्हणाला, “हा वास कायचा हाये?”

“तेल टाकलं ना भाऊ. सकाळी, निघाच्या आधी. चारी चाकाईत. तुमी ब्रेक कसता ना, त्या भोकातून.” देवीदासच्या आवाजात कितीतरी दिवसांनी सुख होते. “आता नाही ओरडत. बरं वाटून राहिलं तिले.”

“तिले… कोनाले?”

“चंद्रकलेले.”

चंद्रकला देवीदासची बायको. मार्चमध्ये तापाने गेली होती, हे शालिकरामला ठाऊक होते आणि काल जोड्यांची गंमत करताना आठवले नव्हते.

“उन्हात अनवानी यायची माहा डबा घेऊन, स्टँडवर,” देवीदास रस्त्यावर नजर ठेवून सांगू लागला. “तळपाय भाजत. रात्री मी एरंडेल लावून काशाच्या वाटीनं घासून द्यायचो. वाटी आग वढून घेते ना… शेवटच्या दिवशी तापात ओरडून राहिली, पायाईची आग होते, आग होते. मी ड्यूटीवर होतो. मी पोचलो तं… गप झाली होती. तवापासून गाडी ओरडते भाऊ. तिच्याच आवाजात. तुमी नाही ओळखला?”

तेल प्यालेले लायनर म्हणजे साबणाच्या वड्या, हे शालिकरामला कळत होते. आणि “लाव, लाव” हे आपणच म्हटले, हेही.

“गाडी थांबव,” तो कसाबसा म्हणाला. “आत्ता. हळूहळू…”

पण गाडी उताराला लागली होती. सौसरच्या अलीकडचा तो लांब उतार. खाली रपटा, नाल्यावरचा बिनकठड्याचा बुटका पूल. रपट्यावर दोन बैलगाड्या अडून उभ्या होत्या आणि पलीकडे डबक्यातून बाया पाणी भरत होत्या.

देवीदासने पाय दाबला. पाय पार तळाला गेला, गाडीला काही कळले नाही. त्याने गिअर बदलायला घेतला, तो खडखडून निसटला. हँडब्रेक वर्षभर नुसता शोभेला होता.

“भाऊ… लागत नाही…”

आवाज कसलाच नव्हता. इंजिन मोकळे, ब्रेक मुका, नुसता वारा खिडक्यांतून वाढत चाललेला. मागे कोणीतरी रडायला लागले. बैलांचे डोळे दिसू लागले. ज्या शांततेसाठी आपण काल दिवसभर राबलो ती हीच, असे शालिकरामच्या मनात आले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने मनापासून मागितले, ओरड. बाई, ओरड.

देवीदास खाली वाकून पायाशी बोलल्यासारखे पुटपुटला, “चंद्रकले… आता एकडाव…”

आणि ती ओरडली.

तो आवाज चाकातून आला, एवढेच शालिकराम पुढे सांगायचा. ब्रेकचा होता असे तो कधी म्हणाला नाही. त्यात शब्द होता, ‘आग’. गाडी थरथरत, किंचाळत उतरली आणि बैलाच्या शिंगापासून वीतभर अंतरावर उभी राहिली.

लोक उड्या टाकून उतरले. कोणाला खरचटलेही नव्हते. शालिकराम चाकाखाली शिरला. ड्रमच्या मागून तेल ठिबकत होते. पन्नास माणसांची गाडी उतारावर थांबवलेला ड्रम हात भाजेल असा तापायला हवा. त्याने भीत भीत बोट टेकवले, मग सगळा तळवा ठेवला. मे महिन्याच्या दुपारी तो ड्रम माठासारखा गार होता.

चारी चाके तिथेच उतरवून, पेट्रोलने धुऊन, लायनर घासून, ते दोघे रिकामी गाडी घेऊन संध्याकाळी पांढुर्ण्याला परतले. देवीदासला एकटे सोडवेना म्हणून शालिकराम त्याच्या घरापर्यंत गेला. दारात देवीदासची आई अंबाबाई बसली होती. तिच्या हाताला ओले फडके होते.

“काय झालं वं माय?” देवीदासने विचारले.

“वाटी पडली रे फळीवरून, काशाची. दुपारी साडेबारा असतीन. चूल नाही, जाळ नाही… उचलाले गेली तं हात भाजला.”

वाटी कोपऱ्यात तशीच पडून होती. शालिकरामने हात जवळ नेला. धग अजून लागत होती. बूड काळे झाले होते, कोणाचे तळपाय खूप वेळ घासल्यावर होते तसे.

त्यानंतर ब्रेक कधी ओरडला नाही. भगवंतराव जाईल तिथे मिस्त्रीची तारीफ करत. मिस्त्री मान खाली घालून ऐकून घेई. अंबाबाईला मात्र एक सवय लागली. साडेबाराच्या सुमारास ती फळीवरच्या वाटीला बोट लावायची. वाटी कोमट झाली की म्हणायची, उतरला माहा पोरगा उतार, आणि मग जेवायला बसायची.

पावसाळ्याआधी गाडी पुन्हा शालिकरामकडे आली. चारी चाके काढून त्याने छपराखाली मांडली आणि एक नट दाखवायला देवीदासच्या घरी गेला. देवीदास सुट्टीवर, भिंतीला टेकून बसला होता. बोलता बोलता फळीवर टिण्ण झाले. तापताना भांडे वाजते तसे.

अंबाबाईने बोट लावले आणि झटकन मागे घेतले. तिने देवीदासकडे पाहिले. तो समोरच होता.

“देवीदास,” शालिकराम म्हणाला. “गाडी तं… माह्याकडं उघडी पडली हाये. मंग ही… कोनाची गाडी?”

देवीदास उठला. कोनाड्यातली एरंडेलाची बाटली काढून त्याने वाटीच्या बुडाला बोटाने तेल लावले, हळूहळू, फुंकर घालत.

“कोनाची का असेना भाऊ,” तो म्हणाला. “थांबली असन.”